मुलांपासून काय लपवावे?

यमुनेच्या पूर्वतीरावरील मयूर विहारातून एखादी आई कर्करोगाच्या उपचारांसाठी नदीपार एम्समध्ये जाऊ लागते. मुलांना मात्र ‘आई कामाला जाते’ असे सांगण्यात येते. पण मोठ्यांची कुजबुज मुलांच्या कानी पडतेच. रक्ताचा कर्करोग झालेल्या लहान मुलांनाही, कोणी न सांगता, आपल्या आजाराचे गांभीर्य उमगते, हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मायरा ब्लूबॉन्ड-लँगनर यांनी १९७८ साली ग्रंथरूपाने दाखवून दिले. सत्य दडविले, की लहान मूल कित्येकदा आपल्या हट्टालाच आईच्या दुखण्याचे कारण मानते. म्हणून दुखण्याचे नाव सांगावे. ते तुझ्यामुळे झाले नाही, आईला बिलगल्याने तुला होणार नाही, हेही सांगावे. ‘डॉक्टर झटत आहेत, जे होईल ते तुला सांगू’, एवढाच शब्द द्यावा आणि तो पाळावा.