काचपात्रांचे निदान

बोटांनी ठोकून निदान करण्याची आपली विद्या मला साच्यात दाबून घडविलेल्या जुन्या अमेरिकी नक्षीदार काचपात्रांपाशीही उपयोगी पडते. काठावर टिचकी मारताच शिसेयुक्त काच घंटेसारखी निनादते. १८६४ मध्ये व्हीलिंग येथे विल्यम लेटन यांनी स्वस्त सोडा-चुना काच सिद्ध केल्यानंतरची बहुतेक पात्रे बद्द वाजतात. अर्थात, अरुंद तोंडाची शिसेयुक्त बाटलीही मुकीच राहते! निर्माता ओळखणे याहून दुर्घट. पात्रांवर नाममुद्रा क्वचितच आढळते. केवळ नक्षीवरून नाव सांगणारा विक्रेता मला नाडी न पाहता औषध लिहिणाऱ्यासारखा वाटतो. कारण साचे हस्तांतरित होत. १८९१ मध्ये अनेक कारखाने ‘युनायटेड स्टेट्स ग्लास कंपनी’त विलीन झाले आणि जुन्या नक्ष्या पुन्हा बाजारात आल्या. म्हणून कारखान्याचे सूचिपत्र व त्याच्या जागी उत्खननात मिळालेले तुकडे ताडून पाहावेत. तुकड्यांवरही विसंबू नये. वितळविण्यासाठी बाहेरची फुटकी काचही विकत घेतली जाई.