चाकांवरची बिऱ्हाडं

दसरा झाला की नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड, कंधार, लोहा, किनवटकडच्या तांड्यांवर ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल कधीच खर्चून झालेली असते; आता ती फेडायला निघायचं. ट्रॉलीच्या तळाला ज्वारीची पोती, त्यावर कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, मग बाज, सरपण, पाण्याचं पिंप. कोंबड्यांचं डालगं एका कोपऱ्यात, शेळीचं दावं फाळक्याच्या कडीला. अलीकडे गोधडीत गुंडाळलेलं छोटं सोलर पॅनेलही दिसतं. सामान चढलं की त्यावर माणसं चढतात: आधी म्हातारी, मग लेकरं, शेवटी हिशेबात ‘एक कोयता’ म्हणून मोजलं जाणारं जोडपं. पुढचे पाच-सहा महिने ऊस नेईल तिकडे हे घर जाणार.

मोटारहोम हा शब्द मराठवाड्यात येण्याआधीपासून इथल्या रस्त्यांवर बिऱ्हाडं चाकांवर फिरत आली आहेत. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण त्याला आरटीओकडे नोंदणी करावी लागत नाही. माणसाच्या बिऱ्हाडाचं तसं नाही.

सुरुवातीला बैलगाडी होती. घरची जोडी जुंपायची आणि मुक्काम करत करत कारखाना गाठायचा. लाकडी चाकं गेली, कारखान्याची टायरगाडी आली, पुढे ट्रक आणि ट्रॅक्टर आले. बैलगाडी कुठे कलंडली तरी माणसं बहुधा खरचटण्यावर सुटत. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडल्या गेल्या आणि धोक्याची जातच बदलली. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर पुढचा ट्रॅक्टर थांबतो, पण मागचं वजन थांबत नाही.

कायद्याने या बिऱ्हाडाला कधी घर मानलं नाही. 1988चा मोटार वाहन कायदा 1 जुलै 1989पासून लागू झाला, त्याच्या लेखी ही माल वाहणारी गाडी आणि त्यावर बसलेली माणसं बेकायदा. याची खरी झळ अपघातानंतर लागते. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाईही विमा कंपनीने द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 1999मध्ये सतपाल सिंग प्रकरणात म्हटलं होतं. 2002मध्ये आशा राणी प्रकरणात न्यायालयाने तो निकाल फिरवला. तेव्हापासून पोत्यावर बसलेली बाई मजूर होती, मालाची मालक होती की नुसती प्रवासी, यावर वर्षानुवर्षं कीस पाडला जातो. ती त्या पोत्यावर का बसली होती, हे तांड्यावरचं शेंबडं पोरही सांगेल.

रस्तेही बदलले. तुळजापूरहून औसा, लातूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 361 चौपदरी झाला. मोटारी शंभरच्या वेगाने धावू लागल्या आणि त्याच डांबरावर उसाची ट्रॉली वीसने. मागे लोंबणाऱ्या वाढ्यांत लाल दिवा बुजतो, टेपच्या आवाजात मागचा हॉर्न ऐकू येत नाही. दर गळीत हंगामात पोलीस, आरटीओ आणि कारखाने मिळून ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात. चिखल आणि पाचट त्यांना फार दिवस चमकू देत नाहीत.

या सगळ्यापासून दूर, कागदावर, ‘मोटार कॅराव्हॅन’ नावाचं वाहन आकार घेत होतं. एआयएस-124 या मानकाने त्याला चौकट दिली: बसायला आसनं आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय, सामानाचे कप्पे, आणि हे सगळं गाडीला पक्कं बसवलेलं. टेबल तेवढं काढता आलं तरी चालेल. महाराष्ट्राने 2021मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. जुनी व्हॅन घेऊन गल्लीतल्या गॅरेजात ओटा बसवू पाहणाऱ्या हौशी मंडळींची वाट मात्र 2019 साली अरुंद झाली. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्या जानेवारीत सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. लायसन्सचा घोळ त्यापेक्षा जास्त चालला. 7,500 किलोच्या आतली व्यावसायिक गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे 2017मध्ये ठरलं, पुन्हा वादात सापडलं आणि 6 नोव्हेंबर 2024 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायम केलं.

नांदेडने चाकांवरची घरं एकगठ्ठा पाहिली ती 2022च्या नोव्हेंबरात. 7 तारखेच्या रात्री काँग्रेसची भारत जोडो यात्रा तेलंगणातून देगलूरला पोचली, आणि तिच्यासोबत ट्रकांवर चढवलेले सुमारे 60 कंटेनर. कुठे एक-दोन पलंग, कुठे बारा. राजकारण बाजूला ठेवून बघितलं तर त्या मांडणीत एक शहाणपण होतं: यात्रेकरू दिवसभर पायी चालत आणि घरं पुढच्या मुक्कामी जाऊन थांबत. गाडी धावत असताना पलंगावर कुणी झोपलेलं नसे. दोनच महिन्यांपूर्वी पालघर जिल्ह्यातल्या अपघातात मागच्या सीटवर पट्टा न लावता बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री गेले होते आणि मागच्या सीटवरच्या पट्ट्याची चर्चा राज्यभर चालू होती. मोटारहोमला तीच गोष्ट दुपटीने लागू आहे, कारण मागे पलंग दिसला की माणूस आडवा होतोच. रस्ता मात्र पायी चालणाऱ्यांनाही सोडत नाही. 10 नोव्हेंबरच्या रात्री नांदेड-अकोला मार्गावर ट्रकने दोघा यात्रेकरूंना धडक दिली, त्यात एकाचा जीव गेला.

कंटेनर हिंगोलीकडे निघून गेले, हंगाम चालू राहिला. गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडला की ट्रॉल्या परत येतात. सामान तेच, फक्त शेळीमागे दोन करडं वाढलेली. उन्हाचा ताप चुकवायला निघतात रात्रीच. लेकरं पोत्यांच्या बेचक्यात झोपतात, आई एक हात त्यांच्यावर ठेवून दुसऱ्याने फाळका धरते. पुढे ड्रायव्हरच्या सीटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत ट्रॅक्टरचं आरसी बुक असतं. त्यात आसनक्षमता लिहिलेली असते: 1.