सहा वर्षांची दाढ आणि दातांच्या तारा



आम्ही मीरा-भाईंदरच्या सिल्व्हर पार्क भागात बचत गट चालवतो. आमच्यातल्या बहुतेकींचं माहेर-सासर गावाकडचं. अलीकडे गटाकडे कर्जाचे जे अर्ज येतात, त्यांत एक नवं कारण दिसू लागलं आहे : मुलांच्या दातांना तारा बसवायच्या आहेत. कर्जाला आमची ना नाही. पण एवढे पैसे घालायचे, तर त्या तारा नेमकं काय करतात आणि हा खर्च कधी टाळता येतो, हे आधी समजून घ्यायला हवं.

सुरुवात दुधाच्या दातांपासून करू. दुधाचे दात वीस. ‘पडणारच आहेत, त्यांच्यावर कशाला खर्च?’ असं आपण सर्रास म्हणतो. पण दुधाचा दात खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा धरून ठेवतो. किडून लवकर काढावा लागला, तर शेजारचे दात त्या रिकाम्या जागेत सरकतात आणि पक्का दात वेडावाकडा येतो किंवा आतच अडकतो. म्हणून दुधाची दाढ वेळेआधी गेली, तर जागा राखणारी छोटी पट्टी बसवून मिळते का, हे डॉक्टरांना विचारावं.

आता सहाव्या वर्षीची गोष्ट. साधारण सहा वर्षांचं मूल झालं की दुधाच्या दाढांच्या मागे, चारही बाजूंना एकेक पक्की दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून आई समजते ती दुधाचीच. ती किडली तरी लक्ष जात नाही. ही दाढ जन्मभराची आहे, आणि वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसणार, हे बरंचसं तिच्यावर ठरतं.

म्हणून सातव्या वर्षाच्या सुमारास मुलाचे दात एकदा दाखवून घ्यावेत. याचा अर्थ लगेच तारा लावाव्यात, असा नाही. खालचे पुढचे दात दुधाच्या दातांच्या मागे उगवून दोन रांगा दिसल्या, तर पुष्कळदा पुढचा दात पडल्यावर जिभेच्या रेट्याने मागचा पुढे येतो. वरच्या दोन दातांमधली फटही सुळे आल्यावर, अकरा-बारा वर्षांपर्यंत, पुष्कळ मुलांची आपोआप भरते.

काही गोष्टी मात्र थांबण्याच्या नाहीत. खालचे दात वरच्या दातांच्या बाहेर येणं, वरचे दात इतके पुढे असणं की ओठ मिटत नाहीत, मूल कायम तोंडाने श्वास घेणं, चार वर्षांनंतरही अंगठा चोखणं. पुढे आलेले दात पडण्या-झडण्यात आधी तुटतात. आणि जबड्याची ठेवण बिघडलेली असेल, तर ती वाढीच्या वयातच सुधारणं सोपं. मुलींची ही वाढ मुलांच्या आधी होते. आपल्याकडे मुलीच्या दातांचा विचार होतो तो स्थळं यायला लागल्यावर. तोवर जबड्याची वाढ संपलेली असते, आणि आधी साध्या उपकरणाने झालं असतं त्यासाठी काही वेळा शस्त्रक्रियेपर्यंत जावं लागतं.

तारा काम कशा करतात? दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, बारीक तंतूंच्या गादीवर बसलेला असतो. तार त्याला हलका, सततचा दाब देते. ज्या बाजूला दात सरकतो तिथलं हाड विरघळतं, मागे नवं भरतं. हे काम सावकाशीचं. साधारण दीड ते दोन वर्षं, दर चार-सहा आठवड्यांनी फेरी. तारा काढल्यावर दात पुन्हा जुन्या जागी जाऊ पाहतात, म्हणून रिटेनर नावाची पट्टी डॉक्टर सांगतील तेवढी वापरावी लागते.

अर्धवट सोडलेल्या तारा सगळ्यात महाग पडतात. पैसे जातात, तारेभोवती अन्न अडकून दात किडतात. म्हणून पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. उपचार ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीनंतर याच विषयात एमडीएस केलेले डॉक्टर करणार का? एकूण खर्च किती, आणि रिटेनर त्यात धरला आहे का? हप्ते पडतील का? मध्येच गाव बदललं, तर कागद आणि एक्स-रे मिळतील का? आमच्या गटातल्या एका ताईंनी सगळी रक्कम आधीच भरली. वर्षभराने घर बदललं, तेव्हा त्यांच्या हातात पावतीसुद्धा नव्हती.

कमी खर्चाची वाटही आहे. मीरा रोडहून लोकलने मुंबई सेंट्रलला उतरलं की महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय जवळ आहे. सरकारी दंत महाविद्यालय सीएसएमटीजवळ आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. गर्दी असते, थांबावं लागतं, पण फी खासगीपेक्षा बरीच कमी. मात्र फेऱ्यांचं भाडं आणि बुडणारी रोजी आधीच हिशेबात धरा. तसंच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुलं तपासायला येतं. हा कार्यक्रम 2013 साली आपल्या शेजारच्या पालघरमधूनच सुरू झाला. दातांची कीड, फाटलेला ओठ किंवा टाळू त्यात तपासले जातात. पथक येईल त्या दिवशी मुलाला शाळा चुकवू देऊ नका.

आता आपलं स्वतःचं. चाळिशीतही तारा लावता येतात, कारण दात कोणत्याही वयात सरकतो. पण हिरड्या धड हव्यात. हिरडीतून रक्त येत असेल, दात हलत असतील, तर आधी तो उपचार. आणि मिश्री बंद. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात घट्ट होत नाहीत, हिरड्या सुटतात, तोंडाच्या कॅन्सरचाही धोका असतो.

पुढच्या बैठकीत एक काम करा. सहा ते आठ वर्षांची मुलं कुणाकुणाकडे आहेत, त्यांची यादी वहीत लिहा. घरी गेल्यावर प्रत्येकीने मुलाला उजेडात बसवून मागची दाढ पाहावी. तिच्यावर काळा ठिपका दिसला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावं. वेळेत भरलेल्या दाढेला कर्ज लागत नाही.