समुद्राला त्रैराशिक लागू होत नाही

आदिलाबाद जिल्ह्यातल्या तामसीचा आणि समुद्राचा संबंध काय? हा तर कापसाचा मुलूख! पण गैरसमजाची सुरुवात इथेच होते. या शिवारातलं पावसाचं पाणी पैनगंगेला मिळतं. पुढे वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागरात जातं. शेतातून वाहून गेलेल्या खताचा अंशही त्याच वाटेने जातो.

मग सरळ हिशेब मांडला जातो: नद्यांनी खत ओतलं, म्हणजे समुद्र पिकणारच. प्रत्यक्षात एवढ्या मोठमोठ्या नद्या येऊनही बंगालचा उपसागर अरबी समुद्रापेक्षा कमी पिकतो. गोडं पाणी हलकं असल्यामुळे ते खाऱ्या पाण्यावर सायीसारखं पसरतं. पोषकद्रव्यांचा मोठा साठा खालच्या थंड पाण्यात असतो आणि वाऱ्याला ही साय सहजी मोडता येत नाही. शिवाय गढूळ पाण्यात ऊन खोलवर जात नाही. वरच्या वनस्पती-प्लवकांची, म्हणजे माशांच्या मूळ चाऱ्याची, उपासमार होते ती अशी.

समुद्र तापेल त्या प्रमाणात मासळी घटते, असंही सर्रास बोललं जातं. केरळातली तारली बघा. २०१२ साली आवक सुमारे ३.९ लाख टन. २०२१ साली अवघी ३,२९७ टन. ‘तारली संपली’ अशी ओरड झाली. २०२३ साली ती पुन्हा लाख टनांच्या वर गेली! पाऊस, खालून वर येणारं थंड पाणी, एल निनो, पिल्लांचीही होणारी मासेमारी, सगळं एकात एक गुंतलेलं.

रात्री कोकणात चमकणाऱ्या निळ्या लाटा म्हणजे निरोगी समुद्राची खूण, हाही असाच गोड समज. चमकतो तो नॉक्टिल्युका, टाचणीच्या टोकाएवढा एकपेशीय जीव. उत्तर अरबी समुद्रात त्याचे हिरवे थर माजले, तशी माशांच्या उपयोगाच्या प्लवकांची जागा आक्रसली. त्याला खाणारे मुख्यतः जेलीफिश आणि साल्प नावाचे समुद्री जीव.

तज्ज्ञांचीही या समुद्राने फिरकी घेतली आहे. पश्चिम अरबी समुद्रातलं प्लवक झपाट्याने वाढतंय, असा निष्कर्ष २००५ साली उपग्रहांच्या सात वर्षांच्या नोंदींवरून निघाला. २०१६ साली पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी कोल यांच्या गटाने सहा दशकांचा काळ तपासला; पश्चिम हिंदी महासागरात प्लवक २० टक्क्यांपर्यंत घटल्याचं दिसलं. तेव्हा मासळी वाढल्याची किंवा संपल्याची बातमी आली, की ती किती वर्षांच्या नोंदींवर बेतली आहे, एवढं आधी बघा.