मुखवटा आमचा, खलनायकही आमचाच

'क्रिश'चा विषय निघाला की जबलपुरातल्या मराठी घरांत दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं, 'कोई... मिल गया' (२००३) हा सुपरहिरोचा सिनेमा नव्हेच, ती परग्रहावरून आलेल्या पाहुण्याची गोष्ट. मालिका खरी सुरू होते २००६च्या 'क्रिश'पासून. दुसरा तट विचारतो, मग २०१३च्या सिनेमाला 'क्रिश ३' का म्हटलं? 'क्रिश २' कुठे आहे, दाखव की बड्डे! गोलबाजारात खोव्याची जिलेबी संपते, पण हा वाद संपत नाही. माझ्या मते दोन्ही तट चुकीच्या ठिकाणी खणताहेत. आकड्यांचं भांडण निर्मात्यांनी भांडावं. आपण प्रेक्षक आहोत. आपण मारामारीबद्दल भांडावं आणि त्याहून जास्त खलनायकाबद्दल.

दोन-तीन वर्षांपूर्वी एका अंकात एका विद्वानांनी ठासून लिहिलं होतं, की भारतीय सुपरहिरो ही १९७८च्या 'सुपरमॅन'ची उधारी आहे. ही मंडळी क्रिस्टोफर रीव्हच्या मागे जायलाच तयार नसतात. बाबांनो, १९३५ साली वाडिया बंधूंनी 'हंटरवाली' आणला. दिवसा राजकन्या माधुरी, रात्री तोंडावर मुखवटा, हातात चाबूक आणि गरिबांच्या बाजूने न्याय. अमेरिकेतला वेताळ वर्तमानपत्रात उगवला १९३६मध्ये, सुपरमॅन १९३८मध्ये, बॅटमॅन १९३९मध्ये. झोरो मात्र आधीचा, डग्लस फेअरबँक्सचा मूकपट १९२०चा. ते ऋण वाडियांनीही नाकारलं नसतं. पण दुहेरी ओळख, मुखवटा आणि अंगमेहनतीची मारामारी हे तिन्ही मसाले आपल्या पडद्यावर कॉमिकच्या आधी शिजले होते. 'हंटरवाली'ची नायिका नादिया मूळची ऑस्ट्रेलियाची, पर्थची, मेरी इव्हान्स. 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये (१९३६) धावत्या आगगाडीच्या टपावर ती स्वतः मारामारी करते. तिच्या जागी दुसरं कोणी उडी मारत नव्हतं.

आणि नादियाच्याही आधी आमचा मास्टर विठ्ठल. त्याच्याबद्दल मी दर वर्षी लिहितो म्हणून संपादक हसतात, हसू देत. नाटकमंडळीतून कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आलेला हा पोरगा आधी फिल्म जोडायच्या कामाला होता, एका चित्रपटात नर्तकी बनूनही नाचला. मग मुंबईला शारदा फिल्म कंपनीत गेला आणि १९२६च्या 'रतन मंजरी'पासून तलवारबाजीचा बादशहा झाला. लोक त्याला भारताचा फेअरबँक्स म्हणायचे. 'आलम आरा'साठी (१९३१) त्याने शारदाचा करार मोडला, कंपनीने कोर्टात खेचलं, आणि त्याचं वकीलपत्र घेतलं बॅरिस्टर जिनांनी. खटला मास्टर विठ्ठल जिंकला. पण बोलपटात बोलायचं होतं आणि विठ्ठलचं हिंदी-उर्दू बेताचं. म्हणून भारताच्या पहिल्या बोलपटाचा नायक बराच वेळ शुद्धीवर नसतो! पुढे तो भालजी पेंढारकरांच्या मराठी चित्रपटांत दिसत राहिला आणि १९६९मध्ये गेला. ज्याच्या अंगाच्या जोरावर देशातला मारधाडपट उभा राहिला, त्याचं नाव आजच्या क्रिशप्रेमींपैकी एकालाही सांगता येत नाही. मी विचारून पाहिलंय.

मधली वर्षं भरभर उरकतो. जयराजचा १९६०चा 'सुपरमॅन' आला आणि गेला. दारासिंगच्या 'किंग काँग'ने (१९६२) पहिलवानांचे दिवस आणले. चित्रपट पुष्कळ, गोष्ट एकच. सत्तरच्या दशकात अँग्री यंग मॅनने मुखवटा काढून टाकला, कारण त्याला लपायचं नव्हतं. ऐंशीच्या शेवटी 'शहेनशाह' आणि 'तूफान'ने, मग 'अजूबा'ने तो पुन्हा चढवला, पण त्यांच्यावर शब्द खर्च करायची माझी इच्छा नाही.

एका माणसापाशी मात्र थांबायलाच हवं. बाबूभाई मिस्त्री, 'किंग काँग'चे दिग्दर्शक. १९३७च्या 'ख्वाब की दुनिया'साठी त्यांनी काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्याने वस्तू हलवून अदृश्य माणूस दाखवला. तेव्हापासून त्यांचं नावच 'काला धागा' पडलं. पन्नास वर्षांनी शेखर कपूरच्या 'मिस्टर इंडिया'त (१९८७) पीटर परेरांनी जे केलं ते याच घराण्यातलं. अदृश्य नायक फक्त लाल प्रकाशात दिसतो, ही युक्ती मला आजच्या कुठल्याही संगणकी चमत्कारापेक्षा मोठी वाटते. मोठ्या ताकदीला एक साधी अडचण दिली की प्रेक्षक पुढे सरकून बसतो.

आता जबलपूर. हे शहर म्हटलं की लोकांना भेडाघाटचा संगमरवर आठवतो, फार तर तोफा. आम्ही तोफांच्या सावलीत वाढलो. वडील गन कॅरेज फॅक्टरीत होते, जिथे १९५९पासून शक्तिमान ट्रक बनू लागले. त्यामुळे १९९७मध्ये दूरदर्शनवर मुकेश खन्नांचा 'शक्तिमान' गोल फिरू लागला तेव्हा आमच्या कॉलनीतले म्हातारे म्हणाले, आमचा सैन्यात जायचा, हा टीव्हीवर आलाय. वेताळाची इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही मिळायची, पण आम्ही पोरं ती हिंदीतच वाचायचो आणि भांडायचो मराठीत.

या शहराने सिनेमाला नायक फारसे दिले नाहीत. जया भादुरींचा जन्म इथला, तो विषय वेगळा. जबलपूरने दिले खलनायक. पहिले प्रेमनाथ. 'बादल'मध्ये (१९५१) ते स्वतः तलवारबहाद्दर नायक होते, पण त्यांचा खरा रुबाब 'आन'मध्ये (१९५२) दिसला, दिलीपकुमारच्या समोर. त्याच सुमारास त्यांनी इथली एम्पायर टॉकीज विकत घेतली. लहानपणी चोरून आत शिरताना पकडले गेले आणि एक दिवस हे थिएटरच घेईन असं बोलून गेले, अशी दंतकथा प्रत्येक जबलपूरकर आपल्या डोळ्यांदेखत घडल्यासारखी सांगतो. पुढे 'जॉनी मेरा नाम' आणि 'कर्ज'. 'कर्ज'मधला सर जुडा बोलत नाही, काचेच्या पेल्यावर बोटं वाजवतो आणि शेजारी उभा असलेला माणूस त्याचा अर्थ सांगतो. सबंध मार्व्हलमध्ये इतका स्वस्त आणि इतका भीतिदायक दुसरा दुष्ट दाखवा!

दुसरे शरत सक्सेना, आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेऊन मुंबईला गेलेले. 'मिस्टर इंडिया'तल्या मोगँबोच्या हाताखालचा डागा म्हणजे हेच, आणि 'क्रिश'मध्येही ते आहेत. वर्षानुवर्षं नायकाचा मार खाण्याचं काम त्यांनी इतक्या निष्ठेने केलं की नायक मोठे झाले. तिसरा अर्जुन रामपाल, जन्म जबलपूरचा. २०११च्या दिवाळीत आलेल्या 'रा.वन'मध्ये शाहरुख नायक, पण सिनेमाचं नाव खलनायकाचं आणि तो खलनायक आमचा. त्या चित्रपटाला स्पेशल इफेक्ट्सचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. कथेला मिळालं नाही, हे योग्यच झालं. तरी रामपाल आल्यावर पडद्यावर जरा थंडी पडते, एवढं त्याच्या शत्रूंनाही मानावं लागेल.

यावर इथली तरुण पोरं मला म्हणतात, "काका, तुम्ही गावाचा अभिमान मिरवताय." मिरवतोय. पण मुद्दा त्यापलीकडचा आहे. सुपरहिरोचा सिनेमा खलनायकाच्या उंचीएवढाच वाढतो. २००६चा 'क्रिश' या मालिकेत सर्वांत चांगला, हे माझं ठाम मत आहे आणि त्याची कारणं दोन. एक, नसीरुद्दीन शाहांचा डॉ. आर्य. भविष्य पाहण्याचं यंत्र बनवून घेणारा आणि त्याच यंत्रात स्वतःचा मृत्यू पाहिल्यावर हादरणारा माणूस. दुसरं, मारामारी बसवणारे हाँगकाँगचे चिंग स्यू-तुंग. त्यांनी हृतिकला तारांवर उडवलं, म्हणजे बाबूभाईंचा काळा धागाच पुन्हा बाहेर काढला. त्या उड्यांत माणसाचं वजन दिसतं. सर्कशीला आग लागते आणि कृष्णा जमिनीवर पडलेला तुटका काळा मुखवटा उचलून चेहऱ्यावर लावतो, तो प्रसंग 'हंटरवाली'च्या कुळातला आहे. 'क्रिश ३'मध्ये 'काल' नावाचा खलनायक आला, मानवर आले, कंगनाची काया आली, इमारती कोसळल्या. वजन गेलं.

मराठीत 'बाजी' (२०१५) झाला. निखिल महाजनने कोकणात मुखवट्याचा घोडेस्वार आणला, श्रेयस तळपदेने तो निभावला आणि जितेंद्र जोशीचा मार्तंड त्याच्यावर मात करून गेला. लोक त्याला लवकर विसरले, हे मला अजून रुचलेलं नाही. केरळच्या 'मिन्नल मुरली'ने (२०२१) शिंपी नायक घेतला, पण मन जिंकलं गुरू सोमसुंदरमच्या शिबूने, ज्याच्यावर चिडावं की रडावं ते कळत नाही.

आज चाहते काय बोलतात? पहिल्या शनिवार-रविवारची कमाई किती, शेवटी पाट्या संपल्यावर पुढच्या भागाची चाहूल होती का, कुठला सिनेमा कुठल्या विश्वात बसतो. २०१९च्या 'एंडगेम'नंतर ही बोली आपल्याकडे कायमची आली. पूर्वी आम्ही बाल्कनीतून उतरताना शेवटच्या फायटिंगमध्ये कोण कोणत्या हाताने पडला यावर घरापर्यंत भांडायचो. आता शेवटची मारामारी चाळीस मिनिटं चालते आणि एकही ठोसा लक्षात राहत नाही. एम्पायर केव्हाच बंद पडली. मॉलमध्ये सिनेमा पाहून मुलं खाली उतरतात आणि लगेच फोन काढतात.

मार्च २०२५मध्ये राकेश रोशन यांनी जाहीर केलं, की 'क्रिश ४'चं दिग्दर्शन हृतिक स्वतः करणार. 'मोहेंजोदारो'च्या चित्रीकरणासाठी तो भेडाघाटला येऊन गेलेला आहे, तेव्हा वाट त्याला माहीत आहे. रोशन पितापुत्रांना माझी एकच विनंती: संगणकवाल्यांना बोलवायच्या आधी खलनायक ठरवा. आणि तो मिळेना झाला, तर एकदा जबलपुरात विचारून बघा.