ओल, ऊन आणि तुटलेला हिशेब

मातीतल्या पाण्याच्या अभ्यासात गेल्या शतकातले खरे वळण कोणते, असे विचारले तर बहुतेक जाणकार मातीतून पाणी कसे वाहते ते मांडणाऱ्या, 1931 मधल्या रिचर्ड्स यांच्या समीकरणाकडे बोट दाखवतात. त्याची पायाभरणी 1907 मध्ये अमेरिकेत एडगर बकिंगहॅम यांनी केली होती. ओल घटत जाते तशी मातीची पाणी वाहून नेण्याची ताकदही झपाट्याने घटते, हे त्यांनी दाखवले. पण रिचर्ड्स यांच्या समीकरणात तापमानाला जागाच नव्हती; पाणी एका वहीत आणि उष्णता दुसऱ्या वहीत, असा तो कारभार. माझ्या मते वळण आले ते पुढे, या दोन वह्या एकत्र झाल्या तेव्हा. 1952 मध्ये गर, मार्शल आणि हटन यांनी ऑस्ट्रेलियात ओली माती बंद नळीत भरून तिचे एक टोक गरम आणि दुसरे गार ठेवले. ओल गार टोकाकडे गेली, क्षार मात्र गरम टोकाशी साचले. क्षार वाफेबरोबर जात नाहीत. म्हणजे पाणी वाफ होऊन गार बाजूला जात होते आणि तिथून द्रवरूपात परतताना क्षार ओढून आणत होते. एकाच नळीत दोन उलट प्रवाह! 1957 मध्ये फिलिप आणि डी व्हरीस यांनी याची गणिती मांडणी केली.

यावर आक्षेप असा, की पाऊस मुरताना किंवा पाटपाणी देताना तापमानाने फारसे बिघडत नाही. ओल्या जमिनीपुरते ते खरेच आहे. पण सोलापूरकडची रब्बी ज्वारी साठलेल्या ओलीवर वाढते. तिथे वरचा थर सुकला की द्रवाची साखळी तुटते आणि पाण्याला वाफ होऊनच बाहेर पडावे लागते. ते काम फार संथ. शिवाय भर दुपारी तापलेला वरचा थर काही वाफ उलट खालीच ढकलतो. कोळपणीने वरचा थर मोकळा होऊन लवकर सुकतो; तिने ओल टिकते ती यामुळे. तण निघते आणि भेगा बुजतात, हा फायदा वेगळा. दुसरा आक्षेप भेगांचा; तो मात्र मला खोडता येत नाही. पाणी मोठ्या वाटांनी मातीला वळसा घालून थेट खाली जाते, हे इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडला 1882 मध्येच नोंदवले गेले होते. तरी बेव्हन आणि गेरमान यांनी 1982 मध्ये तो विषय पुन्हा ऐरणीवर आणेपर्यंत मुख्य प्रवाहाने त्याकडे जवळजवळ काणाडोळाच केला. उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या आपल्या काळ्या जमिनीला एकसंध माती धरून केलेले गणित पहिल्या पावसात तरी लागू पडत नाही.