‘बटाटा’ या शब्दाचं आजोळ

वड्यातला बटाटा मूळचा अँडीज पर्वतातला. पण त्याचं नाव तिथलं नाही. ते आलं कॅरिबियन समुद्रातून. क्यूबा, हिस्पॅनिओला अशा बेटांवरचे ताइनो लोक रताळ्याला ‘बताता’ म्हणत. स्पॅनिश खलाशांनी तो शब्द उचलला, पोर्तुगिजांनी आपल्या किनाऱ्यावर आणला, आणि प्रवासात केव्हातरी तो रताळ्याला सोडून बटाट्याला चिकटला!

हिस्पॅनिओलाच्या पूर्वेकडचा मोठा भाग म्हणजे आजचं डोमिनिकन प्रजासत्ताक. कोलंबस १४९२ च्या डिसेंबरात या बेटावर पोचला. मग सक्तीची मजुरी आली, १५१८ साली देवीची साथ आली, आणि शंभरेक वर्षांत बोलती ताइनो भाषा संपली. शब्द मात्र तगले. हरिकेन, कनू, हॅमॉक हे सगळे तिचेच. भाषा गेली आणि तिचे शब्द जगभर रोज बोलले जातात, हे मला अजूनही अद्भुत वाटतं.

संविधानानुसार देशाची अधिकृत भाषा स्पॅनिश. पण कुठली स्पॅनिश? दाराला स्पॅनिशमध्ये ‘पुएर्ता’ म्हणतात. राजधानी सांतो दोमिंगोत त्याचं ‘पुएल्ता’ होतं, उत्तरेच्या सिबाओ खोऱ्यात ‘पुएइता’. एका ‘र’वरून माणसाचं गाव कळतं! शिवाय शेजारच्या हैतीतून आलेल्या मजुरांच्या घरांत क्रेओल आहे: शब्द बहुतेक फ्रेंच, घडण आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या पिढ्यांची. बोलणाऱ्यांच्या संख्येत ती देशात दुसरी.

सर्वांत थक्क करते ती ईशान्येची सामाना ही चिंचोळी भूमी. १८२४-२५ मध्ये सगळं बेट हैतीच्या ताब्यात होतं. राष्ट्राध्यक्ष बोये यांनी अमेरिकेतल्या मुक्त कृष्णवर्णीयांना इथे वसायला बोलावलं. हजारो आले. त्यांतली काहीशे माणसं सामानात उतरली. रस्ते नव्हते, बाहेरचा संबंध थोडा. घरात आणि चर्चमध्ये त्यांची इंग्रजी पिढ्यान्‌पिढ्या टिकली. अमेरिकेतली बोली मधल्या काळात बदलत गेली, म्हणून एकोणिसाव्या शतकातले कृष्णवर्णीय अमेरिकन कसे बोलत, याचा माग काढायला भाषाशास्त्रज्ञ टेपरेकॉर्डर घेऊन या स्पॅनिशभाषक देशात आले.

पुढे डोमिनिकन हुकूमशहा त्रुहियोच्या काळात शाळांनी स्पॅनिशच लादली. आता ती इंग्रजी मोजक्या वृद्धांच्या तोंडी उरली आहे. ऐकायची तर घाई करायला हवी.